बस फुकट, आणि आम्ही पायी

आमच्या बेळगाव भागात रस्त्यानं पायी चालणाऱ्याचं कुणाला नवल नाही. आषाढी-कार्तिकीला पंढरीची, मार्गशीर्षात यल्लम्माच्या डोंगराची, नोव्हेंबर सरत आला की जुन्या गोव्याच्या फेस्ताची माणसं जातच असतात. नवल वाटतं ते देव न धरता चालणाऱ्याचं. मी आणि माझी धाकटी नणंद बेळगावच्या शहापूरहून निघालो ते मलप्रभा नदीच्या उगमापर्यंत जायला, आणि ‘कशाला?’ या प्रश्नाला आमच्याकडं धड उत्तर नव्हतं. तिला डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं होतं, मला आमच्या कर्ज देणाऱ्या सहकारी सोसायटीच्या काउंटरवरून उठून कुठं तरी जायचं होतं. एवढ्यानं कुणाचं समाधान होईना. मग ज्या त्या गावानं आपापल्या परीनं आम्हाला कारणं पुरवली.

शनिवार : शहापूर, येळ्ळूर, राजहंसगड, गर्लगुंजी

वडगाव सोडलं की घरं संपतात आणि शिवार सुरू होतं. काळी, ओल धरून ठेवणारी जमीन. पावसाळ्यात बासमती, आणि भात निघालं की त्याच ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा. वेगळं पाणी द्यावं लागत नाही. त्यामुळं सुगीत इथं दोन कामांची एकदमच घाई असते. एका शेतात कापणीचं यंत्र फिरत होतं आणि बांधापलीकडच्या शेतात मसूर पेरून मोकळे झाले होते.

येळ्ळूरच्या अलीकडं बांधावर भाकरी सोडून बसलेल्या एका आजोबांनी हाक मारली, “आरोग्य कार्डवाल्या काय ओ?” महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये आपली जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली, तेव्हापासून पाठीला पिशवी असलेली शहरी बाई दिसली की कार्डाचीच आठवण होते म्हणे. नाही म्हटल्यावर त्यांना वाईट वाटलं, पण भाकरी पुढं केली. सोबत कांदा आणि शेंगाचटणी. नणंदेनं डॉक्टरांची आठवण काढली आणि भाकरी घेतली.

येळ्ळूर मोठं गाव आहे आणि त्याला आपल्या मराठीपणाचा तोरा आहे. तो त्यांनी कमावलेलाही आहे. सीमाभागातली अशी गावं थंडीच्या दिवसांत स्वतःची साहित्य संमेलनं भरवतात, ग्रंथदिंडी काढतात, गावातल्या गावात वर्गणी गोळा करून जेवणावळ घालतात. पुण्या-मुंबईच्या वक्त्यांना इथं जेवढे श्रोते मिळतात तेवढे घरी मिळत असतील असं वाटत नाही.

राजहंसगडाची चढण लहान, पण ऊन चढल्यावर ती कुणी करू नये. गडावर सिद्धेश्वराचं देऊळ, विहीर, आणि आता शिवाजी महाराजांचा भव्य पुतळा. २०२३ च्या मार्चमध्ये, विधानसभेची निवडणूक तोंडावर असताना, या एकाच पुतळ्याचं अनावरण दोन पक्षांनी दोनदा केलं. तटावर बसलं की खाली बेळगाव पसरलेलं दिसतं आणि दुसऱ्या अंगाला खानापूरकडची झाडी दाट होत गेलेली. आपल्याला जायचं ते तिकडं, हे बघून नणंद जरा गप्प झाली.

नंदिहळ्ळीवरून गर्लगुंजीला पोचेपर्यंत दिवे लागले होते. सोसायटीतल्या माझ्या मैत्रिणीचं ते माहेर. तिच्या आईनं पायांवर ओतायला कढत पाणी दिलं, तांदळाच्या भाकरी आणि मसुराची आमटी वाढली आणि मग शांतपणे विचारलं, “बस फुकट हाय की ग. मग चालत कशाला आलासा?”

कर्नाटकात ११ जून २०२३ पासून बायकांना साध्या सरकारी बसचा प्रवास फुकट आहे. आधार कार्ड दाखवायचं, कंडक्टर शून्याचं तिकीट फाडून देतो. त्या दिवसापासून या काकू आपल्या चारही लेकींना दर महिन्याला भेटून येतात. पूर्वी वर्षातून एकदा जमायचं. असल्या बाईला आम्ही काय सांगणार? “हौस,” मी म्हणाले. “आसूं दे,” त्या म्हणाल्या आणि आणखी एक भाकरी ताटात टाकली.

रविवार : गर्लगुंजी ते खानापूर, असोगा

सकाळचा रस्ता वीटभट्ट्यांचा. भात निघालेल्या शेतातली माती खणून तिथंच विटा थापायच्या, रचायच्या, भाजायच्या. शेताची वरची चांगली माती अशी विकून टाकणं मला पटत नाही, पण ज्याचं शेत त्याचा हिशेब वेगळा असतो, आणि तो त्यानं बोटं मोडत मला समजावून सांगितला. भट्टीच्या आडोशाला परगावच्या मजुरांची पालं होती. तिथल्या एका मुलीनं नणंदेच्या बुटांकडं बोट दाखवून किंमत विचारली. नणंदेनं निम्मी सांगितली, तरी त्या पोरीचे डोळे विस्फारले.

खानापूर मातीचंच गाव. कौलं, माठ, चुली. कुंभारकाम शिकवणारी केंद्र सरकारची संस्थाही इथं आहे. एका कुंभाराच्या अंगणात आम्ही बराच वेळ बसलो. चाक आता विजेच्या मोटारीवर फिरतं, काठी घालून गरगरवायची गरज उरली नाही. पण बाकी सगळं हातावर. मातीचा गोळा चाकाच्या मधोमध आपटला, ओल्या अंगठ्यानं वरून खड्डा केला, आणि दोन्ही तळव्यांत धरून ती भिंत अशी वर उचलली की माती आपल्या पायांनी उभी राहतेय असं वाटावं. मग दोऱ्यानं बुडातून कापलं. कापलेला माठ अजून अर्धवट असतो. तळाला भोक राहिलेलं असतं. दुसऱ्या दिवशी जरा आवळला की आत गुळगुळीत दगड धरून बाहेरून फळीनं थापत थापत त्याला फुगवतात आणि तळ मिटवतात. हे थापटणं त्याची बायको करत होती. तिचा हात आमच्याशी बोलतानाही थांबत नव्हता, आणि आवाजावरून तिला भिंत कुठं जाड राहिलीय ते कळत होतं. फ्रिज आल्यावर माठ कोण घेतं, असं मी विचारलं. “गोव्याची माणसं घेतात की,” ती म्हणाली. “मासं शिजवायला मडकी बी लागत्यात त्यांना.”

तिनं आम्हाला बचत गटाच्या प्रदर्शनवाल्या ठरवलं होतं. ‘कवा हाय प्रदर्शन?’ हा तिचा प्रश्न शेवटपर्यंत सुटला नाही.

दुपारी लॉजवर पिशव्या टाकून असोग्याला गेलो. मलप्रभेच्या काठी रामलिंगेश्वराचं देऊळ, मोठमोठे खडक, त्यातून वाट काढत जाणारं पाणी. सुट्टीचा दिवस म्हणून खानापूरची निम्मी पोरं पाण्यात. इथून नदी उलट्या अंगानं गाठायची होती. ती जवळजवळ तीनशे किलोमीटर पूर्वेला जाऊन कूडलसंगमाला कृष्णेला मिळते. आम्ही फक्त तिच्या लहानपणाकडं निघालो होतो.

सोमवार : नंदगड, हलशी

खरं तर उगमाची वाट पश्चिमेची, पण हलशी बघितल्याशिवाय पुढं जायचं नाही असं मी ठरवलं होतं.

नंदगडला गावाबाहेर संगोळ्ळी रायण्णाची समाधी आहे. कित्तूरच्या राणी चन्नम्माचा हा शूर सरदार. कित्तूर पडल्यावरही तो इंग्रजांशी रानातून लढत राहिला. २६ जानेवारी १८३१ ला त्याला इथं फाशी दिलं. तिथला वड लोक श्रद्धेनं दाखवतात. आम्ही गेलो तेव्हा धारवाडकडची एक शाळा सहलीला आली होती. त्यांच्या बाईंनी आम्हाला कन्नडमधून ‘तुमची मुलं कुठायत?’ असं विचारलं. त्यांना वाटलं आम्हीही शिक्षिकाच आणि आमचा वर्ग हरवला.

नंदगड मागं टाकून हलशीच्या रस्त्याला लागलो. एका वस्तीवर, घराच्या सोप्यात सात-आठ बायका बसलेल्या दिसल्या म्हणून पाणी मागायला वळलो, तर सगळ्या चिडीचूप. एक उठून आतच गेली. आमच्या पाठीला सॅक, पायांत बूट, नणंदेच्या हातात वही. चाललेलं अंतर ती त्यात टिपायची. एकजण धीर करून म्हणाली, “म्याडम, आज आमचा वार न्हवं की. आमचा शुक्रवार.”

फायनान्स कंपनीच्या वसुलीवाल्या समजल्या होत्या आम्हाला. नाही म्हटल्यावर जी आत गेली होती ती पदरानं तोंड पुसत बाहेर आली आणि मग जे हसू फुटलं ते आवरेना. चहा झाला. चहानंतर कर्जाची कार्डं बाहेर आली.

या कर्जांचं सूत साधं आहे. दहा-बारा बायकांचा गट करायचा, तारण काही नाही, प्रत्येकीनं बाकीच्यांची हमी घ्यायची. ठरल्या वारी सगळ्यांनी एका घरी जमायचं आणि हप्ता भरायचा. एकीचा चुकला तर वसुलीवाला उठत नाही, म्हणून इतर बायकाच तिच्या दारात जाऊन बसतात. शेजारीणच शेजारणीची सावकार होते. ती तोंड पुसत आलेली बाई अशा तीन कंपन्यांची देणेकरी होती. दुसरीचं कर्ज पहिलीचे हप्ते भरायला आणि तिसरीचं दुसरीचे. “पहिलं म्हशीसाठी काढलं. म्हस मेली, हप्ता जित्ता हाय.” २०२५ च्या सुरुवातीला कर्नाटक सरकारनं दांडगाईच्या वसुलीविरुद्ध वटहुकूम काढला, दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेची तरतूद केली. तो यांच्या कानावर होता. “आता शिव्या देत न्हाईत. नुसतं बसून राहतात,” एकजण म्हणाली.

मी सोसायटीत काम करते हे नणंदेनं सांगून टाकलं. झालं. “तुमच्यात व्याज किती? मग तुमीच द्या की.” मी आमचे नियम सांगितले : सभासद व्हायला शेअर, दोन जामीनदार, जमिनीचा उतारा. उतारा कुणाच्याच नावावर नव्हता. सासऱ्याच्या, दिराच्या, एकीच्या तर मेलेल्या आजेसासऱ्याच्या. आमच्या काउंटरवर या बायका कधी दिसत नाहीत याचं कारण त्या सोप्यात मला जेवढं नीट कळलं तेवढं इतक्या वर्षांच्या नोकरीत कळलं नव्हतं. आमचा व्याजदर कमी आहे हे खरं, पण तो ज्याच्या नावावर जमीन आहे त्याच्यासाठी कमी आहे. फायनान्सवाला दारात येतो आणि बाईच्या नावानं कर्ज देतो. त्या दोहोंच्या मधलं काहीतरी हवं. ते काय, हे मला अजून नीट सांगता येत नाही, पण पुढच्या वार्षिक सभेत विषय काढणार आहे.

हलशीला पोचायला त्यामुळं उशीर झाला. आज हे शांत, शेतीवाडीचं गाव, पण एके काळी पलाशिका या नावानं कदंब राजांची राजधानी. बाराव्या शतकात गोव्याच्या कदंबांनी इथं कारभार केला आणि भूवराह-नरसिंहाचं देऊळ उभारलं. दोन गाभारे समोरासमोर, मधे मंडप. एकात नरसिंह, एकात भूदेवीला उचलून धरलेला वराह. मंडपाच्या मधोमध उभं राहिलं की एका देवाकडं पाठ केल्याशिवाय दुसऱ्याला नमस्कार करता येत नाही. नणंदेनं त्यावर उपाय काढला आणि आडवी उभी राहून दोन्हीकडं मान वळवून हात जोडले. पुजाऱ्यांच्या घरातल्या आजींनी विचारलं, “नवस फेडायला आलासा?” आम्ही हो म्हटलं. तोवर नाही म्हणायचा कंटाळा आला होता.

परत खानापूरला बसनं. कंडक्टरनं आधार बघून शून्याची दोन तिकिटं दिली. गाडी बायकांनी भरलेली, पुरुष उभे.

मंगळवार : खानापूर ते जांबोटी

लांबचा टप्पा, आणि फारसं सांगण्यासारखं नाही. भातशेतं मागं पडतात, रान सुरू होतं, गावं लांब लांब. प्रत्येक गावात एकच सूचना : अस्वल. या तालुक्यात अस्वलानं माणसाला फाडल्याच्या बातम्या दरवर्षी येतात, तेव्हा ती सूचना हसण्यावारी न्यायची नाही. पहाटे आणि तिन्हीसांजेला चालायचं नाही, दोघींनी मोठ्यानं बोलत चालायचं. दुसरी अट आम्हाला अजिबात जड गेली नाही. दक्षिणेकडं भीमगडचं अभयारण्य आहे, तिकडं परवानगीशिवाय जायचं नाही, म्हणून आम्ही डांबरी रस्ता सोडला नाही.

एका गावात मराठी शाळेच्या व्हरांड्यात डबा खाल्ला. पाटीवर कन्नडमध्ये शाळेचं नाव, आत फळ्यावर मराठीत सुविचार. गुरुजींना आम्ही निवडणुकीच्या यादीवाल्या वाटलो. त्यांनी आपणहून कपाट उघडून यादी काढली, इतकी त्यांना या कामाची सवय. दोन इयत्तांना एका खोलीत शिकवणारा माणूस वर्षभर शाळेबाहेरची किती कामं ओढतो, हे त्या कपाटाकडं बघून कळत होतं.

जांबोटीच्या अलीकडं हब्बनहट्टीला मारुतीचं देऊळ नदीच्या पात्रालगत आहे. पावसाळ्यात ते पाण्यात बुडतं, आता कोरडं ठणठणीत. पाय सोडून बसलो तेव्हा नणंदेच्या टाचेचा फोड फुटला. जांबोटीच्या नाक्यावर चहावाल्यानं कुठूनशी कापसाची पट्टी आणि खोबरेल आणून दिलं आणि पैसे घेतले फक्त चहाचे.

बुधवार : जांबोटी ते कणकुंबी

हा बेळगाव-चोर्ला-गोवा रस्ता. वाहनं पुष्कळ, आणि गोव्याला निघालेल्यांना ब्रेक कुठं असतो ते माहीत नसावं. उजवी कड धरून चाललो. पण हवा बदलली होती. सकाळी धुकं, दुपारीही सावलीत गारवा, कौलारू घरांच्या पावसाकडच्या भिंतींना अजून झडप्या, म्हणजे पाऊस अडवायचे आडोसे, बांधलेल्या. जिल्ह्यातला सगळ्यांत धो धो पाऊस याच पट्ट्यात. परड्यात काजू, खाचरात भात कापून झालेलं, खळ्यावर नाचणी वाळत घातलेली. बोलण्यात कोकणीचा हेल यायला लागला.

कणकुंबीत माउलीचं देऊळ आहे आणि जवळच मलप्रभेच्या उगमाचं तीर्थ. उगम म्हणून काही धो धो कोसळत असेल असं नणंदेला वाटलं होतं. दगडात बांधलेल्या कुंडातलं शांत पाणी बघून तिचा विरस झाला. “एवढंच?” ती म्हणाली. ८०० मीटरच्या आसपास उंचीवरचं हे एवढंच पाणी पुढं सौंदत्तीजवळच्या नविलुतीर्थाचं धरण भरतं, हे मी सांगितलं. तिचा विश्वास बसला नाही.

देवळाच्या कट्ट्यावर एक गृहस्थ बसले होते. त्यांनी आम्हाला सरळ विचारलं, “सर्व्हेला आलासा? मग तिकडं जावा,” आणि नाल्याच्या दिशेला हात केला. कणकुंबीत सर्व्हे म्हणजे एकच. गावाच्या एका अंगाचं पाणी मलप्रभेतून कृष्णेला आणि तिच्याबरोबर बंगालच्या उपसागराला जातं. दुसऱ्या अंगाचं कळसा नाल्यातून म्हादईत, आणि म्हादई पुढं मांडवी होऊन पणजीजवळ अरबी समुद्राला मिळते. मधला उंचवटा एवढासा. तो खोदून कळसा आणि भांडुरा या नाल्यांचं पाणी मलप्रभेत वळवायचं, हुबळी-धारवाडकडं प्यायला न्यायचं, हा कर्नाटकाचा जुना बेत. २०१८ च्या ऑगस्टमध्ये पाणीवाटपाच्या लवादानं त्यासाठी ३.९ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं. गोव्याला ते मान्य नाही, महाराष्ट्रही दाव्यात आहे. खोदलेला कालवा गावालगतच आहे.

गृहस्थ आम्हाला तिथवर घेऊन गेले. लाल मातीचा खोल चर, कडेनं रान उगवलेलं. “पाऊस पडतो आमच्या कौलांवर, आणि भांडतात तिघं,” ते म्हणाले. त्यांचं स्वतःचं म्हणणं विचारलं तर थोडं थांबून म्हणाले, उन्हाळ्यात विहिरींना पाणी कमी होतं, ते आधी बघा. आम्ही सर्व्हेवाल्या नाही हे मी त्यांना दोनदा सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि घरी चहाला नेल्यावर पुन्हा विहिरीचं पाणी कुठल्या महिन्यात किती खाली जातं ते सांगायला लागले. शेवटी नणंदेनं वही उघडून ते लिहून घेतलं. ते समाधानानं उठले आणि रात्री आमची सोय त्यांच्याच माजघरात झाली. जेवायला उकड्या तांदळाचा भात आणि कुळथाचं सार.

गुरुवार : कणकुंबीचा नाका

सकाळी बसची वाट बघत उभ्या होतो, तर बेळगावकडून फेस्ताला निघालेला जत्था आला. एकसारखे टी-शर्ट, गळ्यात क्रूस, मागं पाणी आणि अंथरुणं घेतलेला टेंपो. ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात सेंट झेवियरचं फेस्त, त्याआधी पोचायचं. त्यांच्यातल्या एका जाड्या मावशींनी नणंदेच्या टाचेकडं बघितलं, फुटपाथवर तिला खाली बसवलं, पट्टी सोडून नवीन बांधली आणि विचारलं, “येतेस काय?” कशाला चाललीस, असं न विचारणारी सगळ्या वाटेवरची ही पहिली बाई.

नणंदेनं माझ्याकडं बघितलं. माझी रजा संपली होती. तिला शिवणाचं काम, ते थांबवता येतं. तिनं नवऱ्याला फोन लावला, जरा लांब जाऊन बोलली आणि परत येऊन माझ्याकडची पाण्याची बाटली मागून घेतली. मी खानापूरच्या बसमध्ये चढले तेव्हा ती चोर्ल्याच्या दिशेनं वळणाआड गेली होती.

दुसऱ्या दिवशी काउंटरवर गर्दी असतानाच तिचा फोन. घाट उतरून गोव्यातली केरी गाठली होती, पाय बरा होता, वजनाचं विचारू नको म्हणाली, कारण वाटेत लोक खायला फार घालतात. आणि तीन तारखेला तिला आणायला जाताना तिची हिरवी काठाची साडी न्यायची आहे. फेस्ताला ट्रॅकपँट बरी दिसत नाही.